पाणी चालू राहू दे

"आधी सावल्या बंद कर. मग पाणी बंद कर. मग पळेल."

माझा चुलतभाऊ फोनवर मित्राचं ऐकत होता आणि ऐकलेलं स्वतःशी मोठ्याने म्हणत होता. आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलतात. भिंतीपलीकडे पॉवरलूमचा कारखाना आहे. नारपोलीत हळू बोलणाऱ्याला कुणी दुसऱ्यांदा भातसुद्धा वाढत नाही. माझा लॅपटॉप त्याच्यासमोर टेबलावर होता, दोन रिकाम्या कांड्यांवर टेकवलेला. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सुताची लाकडी नळी. तुटक्या कांड्या कारखान्यात हव्या तेवढ्या मिळत. त्यांच्यावर ठेवला की लॅपटॉपच्या पोटाखालून वारा जायचा आणि तो जरा कमी तापायचा.

मी खिडकीशी पुस्तक धरून बसले होते. पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

"पानी कशाला बंद करतो रे?" खाटेवरून बाबांनी विचारलं.

"गेममधला, मोठे काका. या डबड्याला पाणी झेपत नाय."

"बघू. हिकडं फिरव."

त्याने टेबल कांड्यांसकट खाटेकडे ओढलं. पडद्यावर एक लाल गाडी रस्त्याच्या वळणावर उभी होती. रस्ता कुठल्याशा बेटावरचा होता, कठड्याच्या पलीकडे समुद्र होता. भावाने अजून काही बंद केलं नव्हतं, त्यामुळे गाडी हलवली की चित्र अडखळत होतं, पण पाण्यावर ऊन होतं, कठड्याची सावली होती, लाटेची कड पांढरी होत होती. बाबा उशीवर कोपर टेकून पुढे झाले. बऱ्याच दिवसांत मी त्यांना एवढं पुढे झुकलेलं पाहिलं नव्हतं.

"चालू राहू दे," ते म्हणाले.

"अहो, पण मग गाडी पळत नाय ना! स्लाइड शो होतो."

"गाडी कोनाला बघायचीय?"

भाऊ हसला, माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, सांभाळा तुमचा स्लाइड शो," आणि चपला घालून खाली गेला. मॅडम हे माझं घरातलं नाव होतं. लहानपणी एका हळदीत मी कुणाला तरी पुस्तकातल्यासारखं "मला नको आहे" म्हणाले होते. मांडवात हशा पिकला, "मॅडम बोलली!" त्याच वर्षी शाळेत, इंग्रजी शाळेत, मी चुकून "पानी" म्हणाले तेव्हाही वर्ग असाच हसला होता. दोन्हीकडे हसतात म्हटल्यावर मी दोन्हीकडे कमी बोलू लागले. पुढे त्याची सवय झाली. गप्प बसणाऱ्या मुलीला लोक शहाणी समजतात, तिला काही विचारत नाहीत, आणि तिला सगळं ऐकू येतं.

लॅपटॉप बाबांनीच निवडला होता. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा ते माझ्याबरोबर ठाण्याला दुकानात आले होते. जिना चढताना तेव्हाही थांबत, पण चढत. दुकानदाराने चार-पाच लॅपटॉप मांडले आणि बाबांनी एकेक उचलून वजन बघितलं, जसं कलिंगड बघतात. सगळ्यांत सडपातळ होता तो त्यांनी तळहातावर धरला. "पाटीएवढा हाय," मला म्हणाले, आणि दुकानदाराला हिंदीत, "इसमें सब होगा ना? लडकी का पढाई, सब?"

"गेम छोड़ के सब होगा, चाचा."

"गेम कोन खेळतंय!" बाबा म्हणाले.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. त्या लॅपटॉपला चित्रासाठी स्वतःची अशी मेमरी फारशी नव्हतीच. चित्र काढायचं तर तो बाकीच्या कामाच्या मेमरीतून थोडी उसनी घ्यायचा, आणि ती लगेच भरायची. मग एक दाखवायचं तर दुसरं सोडावं लागे. सावल्या हव्या तर झाडं जवळ आल्यावरच उगवणार. लांबचा डोंगर हवा तर पाणी काचेसारखं सपाट. भावासारखी मुलं सगळं उतरवत जात, सावल्या, पाणी, गवत, आकाश, शेवटी राखाडी रस्ता आणि पळणारी गाडी एवढंच उरे, आणि मग म्हणत, आता मस्त चालतो.

तो लॅपटॉप जमिनीतून आला होता. खाडीकाठची आमची खारजमीन त्याच वर्षी विकली गेली. बाबा आणि काका, दोघांची. विकणारे आम्ही एकटे नव्हतो, त्या पट्ट्यात सगळेच विकत होते आणि भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहत होती. बाबा सहीला तयार झाले ते एका अटीवर. शेत गेलं तरी बांध आणि उघाडी राहिली पाहिजे. काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. मी तेव्हा चहा घेऊन दारात उभी होते.

उघाडी म्हणजे काय ते मला नीट ठाऊक होतं, कारण लहानपणी बाबांबरोबर मी तिथे बसलेली आहे. खाडीच्या कडेने मातीचा लांब बांध असतो. त्यात एके ठिकाणी पाण्याला वाट ठेवलेली असते आणि त्या वाटेला लाकडी झडप. भरती चढायच्या आधी झडप टाकायची, नाहीतर खारं पाणी भातात शिरतं आणि जमीन पुढची काही वर्षं नासते. ओहोटी लागली की झडप उचलायची, शेतातलं पाणी खाडीत जातं. गावातल्या घरांची पाळी असे. आपली पाळी नसतानाही बाबा जात. कुणाचं लग्न असे, कुणी दारू पिऊन पडलेला असे, "मी बघतो" म्हणून बाबा निघत. अमावास्या-पुनवेला उधाण येतं, तेव्हा तर ते जेवता जेवता उठत. घड्याळ न बघता त्यांना पाणी कळे. आज अमुक तिथी म्हणजे पाणी अमक्या वेळेला चढणार, हे ते भाकरी मोडत सांगत.

मग त्यांचं हृदय कमजोर झालं. डॉक्टरांनी जिना बंद केला. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत, लूमच्या खडखडाटात, खाडीचा वारासुद्धा पोचत नव्हता. खिडकीतून कारखान्याचे पत्रे दिसायचे आणि त्यांच्यावर साचलेली कापसाची धूळ.

त्या स्लाइड शोच्या दिवसापासून कॉलेजातून आल्यावर मी गेम लावायची. पाणी पूर्ण चालू. मी गाडी हळूहळू बेटाच्या कडेने नेई, आणि बाबा म्हणाले की थांबवी. एका जागी रस्ता खाली उतरून पाण्याच्या अगदी जवळ जायचा, लाकडी धक्का होता, दोन होड्या बांधलेल्या. ती त्यांची जागा. होड्या ठरलेल्या लयीत डुलत आणि लॅपटॉपला तेवढंही झेपत नसल्यामुळे डुलता डुलता थबकत.

"हितं भरती कवा येते गं, बाय?"

मी मान हलवली. नाही येत.

"कवाच न्हाय?" त्यांना ते खरंच वाटेना. "मग या होड्या निघत कशा?"

भारनियमन सुरू झालं की लूम बंद पडायचे. तो आवाज थांबल्यावर कानात आधी काहीतरी रिकामं रिकामं होतं, मग हळूहळू इतर आवाज येऊ लागतात, गल्लीतली सायकल, कुणाचं तरी खोकणं. त्याच वेळी लॅपटॉपच्या बारीक स्पीकरमधून पाण्याचा आवाज ऐकू यायचा. एरवी तो लूमखाली बुडालेला असे. पण वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जाई, आणि बॅटरीवर तो आणखी दमायचा. पाणी ऐकू यायचं तेव्हा ते जवळजवळ हलायचंच नाही. लाट उचलली जाई आणि तशीच थांबे. मला ते बघवत नसे. बाबांना चालायचं. डोळे मिटून ते ऐकत. मी एकदा पाणी कमी करून पाहिलं, म्हणजे निदान हलेल तरी. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "काय काढलास?" मी परत होतं तसं केलं.

मधूनच ते डोळे उघडत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. "उद्या अमावास्या. उधाण हाय." मग संध्याकाळी काका वर आले की पहिला प्रश्न तोच. "झडप टाकली का रे?"

"टाकली, दादा, टाकली," काका म्हणत.

"कोनाची पाळी व्हती?"

काका कुणाचं तरी नाव घेत. दर वेळी वेगळं. आणि आई त्याच क्षणी स्वयंपाकघरात भांडं उचलायला जाई.

उघाडी तेव्हा उरलेलीच नव्हती. मी रोज ते बघत होते. माझी कॉलेजची बस त्याच रस्त्याने जायची. आधी तांबड्या मुरमाचे डंपर रांगेने उभे दिसू लागले. मग शेतं दिसेनाशी झाली, मग बांध. मुरूम टाकून जमीन बुजवली की आमच्याकडे त्याला भरणी म्हणतात. भरणी झालेली जमीन कशी दिसते ते सांगता येत नाही, कारण तिच्यात बघण्यासारखं काही नसतं. एक तांबडं सपाट, त्याला ना कड ना खूण. उघाडीच्या जागी पुढे एक भिंत आली आणि भिंतीवर निळे पत्रे. काकांनी शब्द मोडला असं मला तेव्हा वाटायचं. आता तसं वाटत नाही. उघाडी ज्यांच्या भातासाठी राखायची, ते सगळेच विकून मोकळे झाले होते. वाचवायला भातच राहिलं नव्हतं. नुसती झडप कोण ठेवणार, आणि कुणासाठी?

पण बाबांना कुणी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले होते की त्यांना धक्का बसता कामा नये, आणि घरात तेवढं एकच वाक्य सगळ्यांना तोंडपाठ होतं. बाबा मला कधीकधी विचारत, "तू तर त्याच रस्त्यानं जातेस. दिसतो का बांध?" मी पुस्तकात बघे, किंवा पाणी आणायला उठे. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. माझं गप्प राहणं कुणाला खटकायचंही नाही. मॅडम बोलतेच कुठे?

बाबा त्यानंतर फार काळ राहिले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं लिहिताना माझा हात आखडेल.

एका रविवारी दुपारी भाऊ काहीतरी नवीन शिकून आला. गेमच्या कुठल्याशा फाइलमध्ये बदल केला की पाणी आणखी खरं दिसतं, त्यात आकाश पडतं, होडी पडते. "मोठे काका, आज तुमाला फर्स्ट क्लास पाणी दाखवतो." त्याने ते मनापासून केलं. तोंडाने तो कितीही डबडा म्हणाला तरी बाबांना त्या धक्क्याशी न्यायची सवय त्यालाही लागली होती. काका आलेले होते. आई खाटेच्या पायथ्याशी बसून वाल सोलत होती.

चित्र उघडलं. पाणी खरोखर सुंदर होतं. होडीखाली उलटी होडी होती आणि ती थरथरत होती. बाबा "अरे वा" म्हणाले. मग भावाने गाडी फिरवली, आणि बाकीचं बेट आलंच नाही. पाण्यानेच सगळी मेमरी खाल्ली होती. धक्का नव्हता. दगड नव्हते, गवत नव्हतं, रस्त्याच्या रेघासुद्धा नव्हत्या. पाण्याच्या काठापासून आत पार लांबपर्यंत एक तांबूस सपाट रंग पसरलेला होता. त्याच्यावर गाडी उभी होती.

"हे काय?" बाबा म्हणाले. "भरनी केली काय रे हितं?"

भाऊ जोरात हसला. "लोड नाय झाला, काका! जमीन लोड नाय झाली अजून!"

तो एकटाच हसला. आईच्या हातातला वाल हातातच राहिला. काका कॅलेंडरकडे बघायला लागले. मी हे सगळं बघितलं, आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की बाबाही बघतायत. पडद्याकडे नाही. आईच्या हाताकडे.

जमीन नंतर आली. एकेक तुकडा करून गवत उगवलं, दगड आले, धक्का आला. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"उद्या पुनव ना?" ते म्हणाले.

"हो, दादा."

"उद्या गाडी काढ. मना बांधावर जायचाय."

"आता? असल्या तब्येतीत?"

"खुर्चीत बसवून खाली न्या. चार माणसं बोलवा कारखान्यातली. उधाण बघतो नि येतो."

काका सावरून बसले. "बांधावर काय हाय, दादा? त्यापेक्षा अकलोलीला जाऊ. गरम पान्यात पाय सोडून बस. बरा वाटेल तुला."

"गरम पानी घेऊन काय करू? पाय शिजवू?" बाबा हसले, पण तेवढ्याने त्यांना धाप लागली आणि आम्ही सगळे ती ओसरायची वाट बघत बसलो. "मना खाडीचा पानी बघायचाय. आपल्या उघाडीवर बसून. एक डाव."

"नेऊ ना. जरा बरा वाटू दे."

"बरा आता काय वाटायचाय?"

तेवढ्यात वीज गेली. भिंतीपलीकडचे लूम एकामागोमाग थांबले. लॅपटॉप बॅटरीवर गेला, पडदा मंद झाला, आणि कांड्यांवरून पाण्याचा बारीक आवाज यायला लागला, अडखळत, मध्येच तुटत.

"झडप टाकली का?" बाबांनी त्या शांततेत विचारलं. आवाज चढवायची गरज नव्हती.

"टाकली, दादा," काका म्हणाले. त्यांचा आवाज मात्र लूम चालू असल्यासारखाच मोठा निघाला.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आईकडेही नाही. ते माझ्याकडे बघत होते. काही विचारत नव्हते, नुसते बघत होते, भरतीच्या वेळी बांधावर बसून बघायचे तसे, पाणी कुठवर आलंय ते. मी उद्याचा विचार करत होते. चार माणसं त्यांना खुर्चीत बसवून जिना उतरतील, गाडी त्या निळ्या पत्र्यांसमोर थांबेल, आणि ते काच खाली करून पाणी शोधतील. सगळ्यांसमोर. आणि तेव्हा त्यांना हेही कळेल की मी ते रोज बघत होते.

आईने मला डोळ्यांनी खुणावलं, नको. भावाचा हात कीबोर्डवर तसाच होता. बाबा थकून मागे टेकले आणि म्हणाले, "चालू राहू दे ते पानी," आणि मी खिडकीपासून उठले.

त्यांच्या खाटेवर मी कितीतरी वर्षांत बसले नव्हते. बसले. त्यांचा हात हलका लागला, आतून पोकळ असल्यासारखा. तोंडात इंग्रजी वाक्य आलं, मग शाळेतल्या मराठीतलं, स्वच्छ आणि नीट. दोन्ही मी गिळली.

"बाबा," मी म्हणाले, "उघाडी न्हाय राहिली. भरनी झाली. बांध पन गेला. तरी तुला जायचा असेल, तर उद्या मी येते तुझ्याबरोबर. कुठं व्हती ती जागा मना ठाऊक हाय, मी दावते."